तिसरी पेनल्टी

खेळांतील थोर पुरुषांविषयीं लोक बोलूं लागले कीं माझें मन हळूच दुसरीकडे वळतें. पेले, माराडोना हीं नांवें मलाहि पूज्य आहेत. पण पूज्य माणसांशीं मनांतल्या मनांत गप्पा मारवत नाहींत. माझा स्नेह जडला आहे तो आर्जेंटिनाच्या मार्तिन पालेर्मोवर.

माझ्या एका रसिक मित्राला ही आवड म्हणजे अभिरुचीचा अधःपात वाटतो. त्याचें म्हणणें सर्वस्वीं खोटें नाहीं. पालेर्मो सहा फुटांहून उंच, अंगानें थोराड. पायांत लालित्य म्हणून नाहीं. चेंडू त्याच्याकडे आला कीं पहिलवानाच्या हातीं सतार दिल्यासारखें वाटावें! पण हाच गडी बोका जूनियर्स या संघासाठीं २३६ गोल करून गेला. १९०५ सालीं स्थापन झालेल्या त्या संघाच्या इतिहासांत तेवढे दुसऱ्या कोणींहि केलेले नाहींत.

आणि तरीहि जगाला तो ठाऊक आहे तो ४ जुलै १९९९ या एका दिवसासाठीं. पराग्वेंत कोपा अमेरिका स्पर्धा चालू होती. कोलंबियाविरुद्ध आर्जेंटिनाला आरंभींच पेनल्टी मिळाली. पालेर्मोनें ती मारली. चेंडू आडव्या दांडीवर आपटला. उत्तरार्धांत दुसरी मिळाली. ती दांडीच्या वरून गेली. येथवर ठीक, भल्याभल्यांचें असें होतें. परंतु अखेरच्या क्षणीं तिसरी पेनल्टी मिळाली, आणि वाचकहो, ती मारावयास पुन्हां हाच पुढें झाला! गोलरक्षक कालेरो यानें ती अडविली. आर्जेंटिना तीन शून्यानें हरली.

लोक त्या तीन चुकांना हंसतात. मला कुतूहल आहे तें दुसऱ्या व तिसऱ्या पेनल्टीच्या मधल्या वेळाचें. सामना हातचा गेलाच होता. चेंडू दुसऱ्याच्या स्वाधीन केला असता तर कोणी बोट ठेवलें नसतें. उलट समंजस म्हणून वाखाणणीच झाली असती. एका सभेंत शब्द अडखळले तर पुढच्या सभेच्या दिवशीं आपलें डोकें दुखूं लागतें. याचें दुखलें नाहीं. याला धैर्य म्हणावें कीं निव्वळ हट्ट, याचा निवाडा मी मुद्दामच करीत नाहीं. निवाडा झाला कीं माणूस संपतो.

पुढचें सारें वाचतांना दैवाची थट्टा वाटते. २००० सालीं टोकियोंत रेआल माद्रिदविरुद्ध पहिल्या सहा मिनिटांत त्यानें दोन गोल केले. पुढच्याच वर्षीं स्पेनमध्यें गोलाचा आनंद साजरा करावयास तो प्रेक्षकांकडे धांवला, तों तेथली भिंतच कोसळली आणि त्याचा पाय मोडला. गोल चुकल्याची शिक्षा आपण समजूं शकतों. गोल केल्याची कशी समजावी?

राष्ट्रीय संघानें तर त्याला दहा वर्षें दूर ठेवलें. २००९ सालीं त्याला पुन्हां बोलावलें, तेव्हां वयाचें छत्तिसावें वर्ष सरत आलें होतें. ब्वेनोस आयरिसमध्यें मुसळधार पाऊस कोसळत होता. विश्वचषकाची वाट अडली होती. पेरूनें शेवटीं शेवटीं बरोबरी साधली. आणि जादा वेळांत चेंडू घरंगळत आला तो नेमका या ओबडधोबड माणसाच्या पायाशीं. गोल! प्रशिक्षक माराडोना त्या चिखलपाण्यांत पोटावर घसरत गेला. पुढल्या वर्षीं विश्वचषकांत ग्रीसविरुद्ध अखेरचीं दहाच मिनिटें त्याला मिळालीं. त्यांतहि एक गोल केलाच.

२०११ सालीं तो निवृत्त झाला, तेव्हां बोकानें आपल्या बोंबोनेरा मैदानावरील गोलाची चौकटच त्याला भेट दिली. एवढी अवजड वस्तु माणसानें ठेवावी तरी कोठें, असा प्रश्न माझ्या मित्राला पडला. मला मात्र वाटलें, त्या चौकटीबरोबर आडवी दांडीहि त्याच्या घरीं गेली असेल!