आपण सोडलेला घास

आजरा मागे टाकून आंबोलीचा घाट उतरू लागले की मालवणला निघालेल्या कुटुंबाची मोटार एका वळणावर हमखास थांबते. कठड्यावर माकडे बसलेली असतात. मुले खिडकीतून हात बाहेर काढतात. बिस्किटे, केळी, फरसाण जे हाताशी असेल ते टाकले जाते. आमच्या मोटारीतही तसेच घडले. पुडा रिकामा झाला आणि सर्वांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. प्रवासाच्या आरंभीच जीवदया घडली, अशीच सर्वांची भावना होती.

त्या समाधानाला दुसऱ्या दिवशी धामापूरच्या तलावाकाठी तडा गेला.

मालवणहून कुडाळकडे जाताना चौके गाव ओलांडले की दाट झाडीच्या टेकड्यांमध्ये विसावलेला हा तलाव दिसतो. विजयनगरच्या काळातील मांडलिक नागेश देसाई यांनी तो १५३० साली बांधला, असे सांगतात. आजही त्याच्या पाण्यावर शेती आणि बागा जगतात. काठावर भगवती देवीचे मंदिर आहे. सकाळी मंदिरामागच्या झाडीत फांद्या सळसळल्या आणि वानरांचा एक कळप दिसला. धाकट्या मुलाने सवयीने पिशवीत हात घातला. इतक्यात मंदिराच्या पायरीवर टेकलेले एक वृद्ध बागायतदार म्हणाले, "शेटजी, तेंका खावक घालू नकात. आज तुमी घालतास, उद्या ती आमच्या घराची कौलां काढतली."

स्वरात राग नव्हता, म्हणूनच ते बोल मनाला लागले. मुलाने हात मागे घेतला आणि आम्ही तासभर नुसते पाहत बसलो.

घाटाच्या कठड्यावर अधिक दिसते ते लाल तोंडाचे माकड. झाडीत होते ते काळ्या तोंडाचे, करड्या अंगाचे, लांब शेपटीचे वानर. आपण दोघांनाही एकाच नावाने हाक मारतो, पण त्यांची घडण वेगळी आहे. माकडाच्या दोन्ही गालांत पिशव्या असतात. मिळेल ते त्यात भरून घ्यायचे आणि सुरक्षित जागी जाऊन खायचे, ही त्याची रीत. वानराला अशी पिशवी नाही. पुढच्या घासाची साठवण त्याला करता येत नाही. त्याची पेढी आणि कोठार दोन्ही म्हणजे समोरचे झाड.

त्या झाडावर जगण्यासाठीच त्याचा देह घडलेला आहे. मागचे पाय पुढच्या हातांपेक्षा लांब, त्यामुळे एका झाडावरून दुसऱ्या झाडावर चार मीटरांहूनही लांब झेप त्याला घेता येते. अंगापेक्षा लांब असलेली शेपटी फांदी पकडण्यासाठी नसून तोल सांभाळण्यासाठी असते. अंगठा आखूड आणि बाकीची बोटे लांब, त्यामुळे पंजा आकड्यासारखा फांदीवर अडकतो. डोळे समोर रोखलेले असल्याने झेपेचे अंतर अचूक कळते. हिरव्या पानांच्या गर्दीत कोवळी तांबूस पालवी नेमकी ओळखण्याइतकी रंगांची जाण त्यांना असते. बैठकीवर कातडीचे घट्ट गादले असतात. रात्री बिबट्याच्या भयाने उंच फांदीवर बसल्या बसल्या झोपावे लागते, तेव्हा ते उपयोगी पडतात. आमच्या समोरच एका मादीचे गडद रंगाचे इवलेसे पिल्लू दुसऱ्या मादीने उचलून घेतले, तिच्याकडून तिसरीने घेतले, आणि आई मात्र निवांत पाला खात राहिली. संयुक्त कुटुंबात वाढलेल्यांना ते दृश्य परके वाटले नाही.

सर्वांत मोठे नवल मात्र बाहेरून दिसत नाही. वानराचे जठर कप्प्याकप्प्यांचे असते. पुढच्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्म जीवाणू पानांतील कठीण तंतू आंबवून मऊ करतात. त्यानंतरच ते अन्न पुढच्या आम्लयुक्त भागात जाते. गाईचे पचनही असेच जीवाणूंच्या बळावर चालते, पण गाईसारखा रवंथ वानर करीत नाही. म्हणून पोटभर पाला खाल्ल्यावर ते दुपारी तासन्‌तास स्वस्थ बसते. आपल्याला तो आळस वाटतो, पण पोटात काम चालू असते. पाने, कळ्या, कच्ची फळे आणि बिया यांसाठी बेतलेल्या या भट्टीत मैदा आणि साखर पडली की आंबण्याची क्रिया अवाजवी वेगाने होते आणि तिचा समतोल ढळू शकतो. घाटातल्या आमच्या पुड्याने भूक भागवली नव्हती. चालत्या संसारात विघ्न मात्र आणले होते.

शिवाय रस्त्यावर अन्न मिळते हे एकदा कळले की प्राणी रस्त्याशीच थांबतो. मग तो मोटारीखाली सापडतो, माणसाच्या हातावर झडप घालतो, आणि शेवटी त्रासदायक ठरून पिंजऱ्यात जातो. दया करणारा तोवर मालवणच्या किनाऱ्यावर पोहोचलेला असतो. परिणाम भोगतात ते गावकरी आणि तो मुका जीव.

त्या वृद्धांची तक्रार मात्र एवढ्यावर संपणारी नव्हती. माडावरची शहाळी, काजूचा मोहोर, परसातली केळी काहीच सुरक्षित राहत नाही, असे ते म्हणाले. हे नुकसान खरे आहे आणि ते सोसणारा माणूस लहान बागायतदार असतो. जीवदयेचा उपदेश त्याला करणे आपल्याला सोपे आहे, कारण माड आपले नाहीत. पण काजूची बी विकत घेणारे आणि डोंगरउतारावर जमिनी घेणारे यांत आपल्या समाजाचीही माणसे आहेत. ऐन, किंजळ, जांभूळ, उंबर तोडून सगळा डोंगर एकाच पिकाखाली आणला की वानराची झेप अपुरी पडते. मधे तुटलेले अंतर ते जमिनीवरून, नाहीतर विजेच्या तारेवरून ओलांडते. त्याचा देह रानासाठीच घडलेला राहतो; रान मात्र राहत नाही. मग ते कौलांवर उतरते आणि आपण त्याला उपद्रवी म्हणतो. याच जिल्ह्यात दोडामार्गकडील तिलारीचे जंगल २०२० साली संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु राखीव क्षेत्राला सीमा असते आणि वानराच्या वाटा त्या सीमेवर संपत नाहीत.

परतताना लेश्यावृक्षाचे चित्र आठवले. जांभळाच्या झाडाखाली सहा भुकेले पुरुष उभे आहेत. एक मुळापासून झाड तोडू पाहतो, दुसरा मोठी फांदी, तिसरा लहान फांदी, चौथा घोस. पाचवा फक्त पिकलेली फळे तोडू इच्छितो, आणि सहावा खाली पडलेली वेचून तृप्त होतो. भूक सहाही जणांची सारखीच आहे. झाडाची किती हानी होते, त्यावरून भाव ओळखला जातो. हे चित्र आपण मंदिराच्या भिंतीवर आणि पाठशाळेच्या पुस्तकात पाहतो. जमिनीचा सौदा करताना ते डोळ्यांसमोर येते का, हा प्रश्न ज्याचा त्याने स्वतःला विचारावा.

एक गोष्ट मात्र आपल्या अगदी हातची आहे. वड, पिंपळ, उंबर आदी पाच उदुंबर फळे श्रावकाने वर्ज्य केली, कारण त्या फळांत सूक्ष्म त्रस जीवांचा वास असतो. आपण सोडलेला तो घास रानात वाया जात नाही. या कुळातली झाडे निरनिराळ्या वेळी फळतात; इतर फळे नसतात त्या दिवसांत वानर, पक्षी, वटवाघळे त्यांच्यावरच निभावतात. ज्या फळाचा आपल्याला व्यापार नाही आणि आहारही नाही, ते झाड बागेच्या बांधावर उभे राहू द्यायला आपले काय जाते? नवी जमीन घेताना बांधावरचा उंबर, पायवाटेवरचा वड राखायचा, आणि फांद्यांची साखळी जिथे शाबूत आहे तिथे ती तुटू द्यायची नाही, एवढा नियम एखाद्या कुटुंबाने घेतला तरी त्याचे मोल घाटात टाकलेल्या पुड्यांपेक्षा फार मोठे आहे. लहान बागायतदाराचे नुकसान त्याने एका दिवसात थांबणार नाही. पण वानराला रानात राहण्याचे कारण तरी उरेल.

चौथे तीर्थंकर भगवान अभिनंदननाथ यांचे लांछन वानर आहे. त्यांच्या मूर्तीच्या पादपीठावरील त्या लहानशा आकृतीला आपण रोज नमस्कारात सामावून घेतो.

परतीच्या वाटेवर आंबोलीच्या त्याच वळणावर मोटारी थांबलेल्या होत्या. आमची थांबली नाही. मागच्या आसनावरून धाकट्याने विचारले, "बाबा, आपल्या शेताच्या बांधावर उंबर आहे का?" होता. विहिरीला अडचण होते म्हणून दोन वर्षांपूर्वी तो आम्हीच तोडवला होता. या पावसाळ्यात तिथून थोडे दूर, त्याच बांधावर नवा लावायचा, असे घाट संपण्याआधी ठरले.