अष्टापदाच्या वाटेची तयारी

भगवान ऋषभदेवांची निर्वाणभूमी दिगंबर परंपरेत कैलास आणि श्वेतांबर परंपरेत अष्टापद या नावाने वंदनीय आहे. तिबेटमधील कैलास पर्वताच्या परिसरातच ते स्थान असावे, अशी अनेक भाविकांची श्रद्धा आहे. सुमारे 6,600 मीटर उंचीच्या त्या शिखरावर कोणी चढत नाही. यात्रा होते ती परिक्रमेची. दारचेनपासून सुरू होणारी सुमारे 52 किलोमीटरांची ही वाट बहुधा तीन दिवसांत पुरी होते. दुसऱ्या दिवशी सुमारे 5,600 मीटरवरील डोल्मा खिंड ओलांडावी लागते. तेथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो.

2020 पासून थांबलेली सरकारी यात्रा 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली. तिच्यासाठी वय 18 ते 70 आणि बीएमआय 25 पर्यंतच असावा लागतो. दिल्लीतील वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण झालेल्यांची लिपुलेख मार्गावर गुंजी येथे पुन्हा तपासणी होते. पेढीवर बसून दिवस काढणाऱ्याने म्हणूनच चार-सहा महिने आधीपासून रोज चालण्याचा व चढण्याचा सराव ठेवावा. गिरनार, शत्रुंजय वा मांगीतुंगीच्या पायऱ्यांनी पाय आणि दम दोन्ही तयार होतात. विरळ हवेची सवय मात्र तेथे होत नाही. त्यासाठी 3,000 मीटरनंतर मुक्कामाची उंची एका दिवसात 500 मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा.

सामान निवडतानाही विवेक लागतो. उबदार जाकिटांत पुष्कळदा बदकाची पिसे आणि बुटांत चामडे असते. कृत्रिम धाग्यांचे पर्याय मिळतात आणि ते ओले झाले तरी ऊब टिकवतात. परिक्रमेच्या मुक्कामांवर पाणी 84 अंशांच्या आसपासच उकळते, डाळ नीट शिजत नाही. म्हणून खाखरे, सातूचे पीठ, भाजलेले मूग आणि सुकामेवा घरूनच न्यावा.

चौविहार पाळणाऱ्यांनी सकाळपासूनच थोडे थोडे करून तीन-चार लिटर पाणी पोटात जाईल, असे पाहावे. तिबेटमधील घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे असते. उन्हाळ्यात तेथे सूर्य मावळतो तो रात्री नऊनंतर. पच्चक्खाणाची वेळ त्या स्थळाच्या सूर्यावरूनच ठरवावी.

खरी कसोटी उपवासाच्या प्रश्नावर लागते. पुण्यभूमीत तप करावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु रिकामे पोट आणि अपुरे पाणी यांनी त्या उंचीवर अशक्तपणा वाढतो, आणि चक्कर वा डोकेदुखी उपवासाची की उंचीच्या आजाराची, हे ओळखणे अवघड होते. तीर्थंकर नामकर्माच्या सोळा कारणांत तप आणि त्याग यांच्यामागे ‘शक्तीनुसार’ हे विशेषण आहे. ते येथे प्रत्यक्ष आचरणाचे सूत्र ठरते. आयंबिल वा उपवास परतल्यावर घरी करता येतो.

डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश ही लक्षणे लपवू नयेत. तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर तत्काळ खाली उतरणे हाच उपाय. अशा वेळी कोणी कोणाला थांबवायचे आणि कोणी सोबत उतरायचे, हे कुटुंबाने निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावे. खिंडीच्या पायथ्याशी तो निर्णय घेणे फार कठीण जाते.