केळदचा मुक्काम आणि गाडीतली ऊब

गाडीत हीटर बसवतोय म्हटल्यावर पुण्यातले आमचे सगळे नातेवाईक आधी हसले. "इथे पंख्याशिवाय झोप येत नाही, आणि तुम्ही डिझेल जाळून ऊब घेणार?" त्यांचेही चूक नव्हते. पण ज्यांनी जानेवारीत वेल्ह्याच्या पलीकडे, सह्याद्रीच्या अगदी कडेला रात्र काढली आहे, किंवा भर श्रावणात भोरच्या बाजूला मुलांचे ओले कपडे वाळवून पाहिले आहेत, ते हसत नाहीत. तिथे थंडीपेक्षा ओल जास्त छळते. पत्र्याच्या गाडीत पाच माणसे रात्रभर श्वास घेतात, सकाळी काचांवरून पाणी ओघळते, गाद्या दमट होतात. आमच्या अम्मींना दमा. ओल हीच त्यांची खरी दुश्मन.

अम्मींचे माहेर महाडचे. लग्न होऊन त्या भोरमार्गे वरंधा घाट चढून पुण्याला आल्या, एसटीने. तोच रस्ता एकदा उलटा जाऊन बघायचा, सावकाश, मुक्काम करत, ही त्यांची कितीतरी वर्षांची इच्छा. त्यासाठीच आम्ही जुनी फोर्स ट्रॅव्हलर घेतली, मागच्या सीटा काढून झोपायचे फळ्यांचे ओटे केले, छोटा ओटा स्वयंपाकाला. वाहनात असा बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते. ती घ्यावीच. नाहीतर अपघाताच्या वेळी विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते.

ऊब हवी तर शेगडी का नको, असे अनेकांनी विचारले. शेगडी किंवा गॅसचा हीटर बंद जागेत पेटवला की त्याचा धूर आणि वाफ आतच राहते. २०२० च्या जानेवारीत केरळहून नेपाळला फिरायला गेलेली आठ माणसे, त्यात लहान मुलेही, दामन इथल्या हॉटेलच्या खोलीत गॅस हीटर लावून झोपली आणि उठलीच नाहीत. ती बातमी आम्ही विसरलो नव्हतो. डिझेल हीटरचे तसे नसते. त्यातली आग एका बंद डबीत जळते. तिला लागणारी हवा एका नळीने गाडीच्या खालून येते आणि धूर दुसऱ्या नळीने खालीच बाहेर जातो. आतला पंखा त्या डबीच्या तापलेल्या भिंतीवरून फक्त गाडीतली हवा फिरवतो. म्हणजे आग वेगळी, हवा वेगळी. ऊब कोरडी असते, काचा सुक्या राहतात. वेबास्टो आणि एबरश्पेशर या जर्मन कंपन्यांचे हीटर यात नावाजलेले, पण महाग. आम्ही स्वस्तातला चिनी घेतला. तोही पाच किलोवॉटचा, कारण दुकानात मोठा आणि छोटा यांत फारसा फरक नव्हता. इथे आमची पहिली चूक झाली. एवढ्याशा गाडीला दोन किलोवॉट पुष्कळ होतात. मोठा हीटर मग रात्रभर अगदी मंद चालतो, डिझेल नीट जळत नाही आणि आत काजळी धरते. आता आम्ही रोज झोपण्याआधी तो दहा-पंधरा मिनिटे पूर्ण जोरावर चालवतो.

बसवायला ओळखीचा एक मिस्त्री होता. काम दोन दिवसांचे. पलंगाखालच्या खोक्यात हीटर, जमिनीला भोक, त्यावर लोखंडी पट्टी आणि गॅस्केट. डिझेलचा छोटा पंप आडवा न लावता त्याचे तोंड थोडे वर करून बसवायचा, म्हणजे नळीतला हवेचा बुडबुडा अडकत नाही. सुरू होताना आतली काडी तापवायला बॅटरीतून आठ-दहा अँपिअर वीज जाते, मग एक ते तीनवर येते. डिझेल रात्रीला दीड लिटरच्या आत. एक गोष्ट मुलांनाही पाठ करून घेतली आहे: बंद करताना बटणाने बंद करायचे, बॅटरीचा खटका ओढायचा नाही. हीटर स्वतःला थंड करून मगच थांबतो.

नसरापूरकडून आत वळलो, विंझर, वेल्हे, आणि संध्याकाळी केळद. डावीकडे राजगड, पुढे तोरणा, मुलांनी माना मोडेपर्यंत खिडकीतून पाहिले. मढे घाटाच्या टोकाशी उभे राहिले की खाली कोकण एकदम उघडे पडते. तानाजी मालुसरेंचा देह सिंहगडावरून याच वाटेने उमरठला नेला असे इथे सांगतात. अम्मी कोकणाकडे बघत बराच वेळ उभ्या होत्या. "महाड कुठे असेल?" एवढेच त्यांनी विचारले.

गावातल्या एका शेतकऱ्याच्या खळ्याजवळ, त्यांना विचारून गाडी लावली. घरच्या मावशींनी नाचणीच्या भाकरी आणि कुळथाचे पिठले आणून दिले, आम्ही आमच्या डब्यातला शिरा दिला. बाबा शेकोटीशी बसले होते. हीटरच्या पंपाची टिकटिक ऐकून म्हणाले, "घड्याळ बसिवलंय काय गाडीला?" वारा बोचरा होता, म्हणून आम्ही गाडी शेताच्या बांधाला अगदी चिकटवून, आडोशाला घेतली. आमची दुसरी चूक ती.

इशाची नमाज झाली, मुले झोपली. अकराच्या सुमारास अम्मी म्हणाल्या, "डोकं जड झालंय." आम्हाला वाटले, घाटावर वाऱ्यात उभ्या होत्या, थंडी बाधली. बाम चोळला, हीटर थोडा वाढवला. आज ते लिहितानाही हात थबकतो.

रात्री कधीतरी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म किंचाळायला लागला. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, सुस्ती, म्हणजे अगदी सर्दी-तापासारखीच लक्षणे. तो अलार्म घ्यायला आम्ही कुरकुर केली होती. धाकटीने हट्ट केला म्हणून घेतला, अल्लाहचे उपकार. दारे उघडली, मुलांना पांघरुणासकट उचलून बाहेर आणले. अम्मी उठायला तयार नव्हत्या. झोपू दे म्हणत होत्या. त्यांना दोघांनी धरून शेकोटीच्या विझत्या राखेशी बसवले. मावशी आणि बाबा जागे झाले, न विचारता लाकडे टाकली.

कोरोनात घेतलेले बोटाला लावायचे यंत्र आमच्याजवळ होते. त्याने अम्मींचा ऑक्सिजन ९७ दाखवला. आमचा जीव भांड्यात पडला. तरी अम्मींना उलटी झाली, म्हणून हीटर बंद, खिडक्या सताड उघड्या, अशा गाडीने वेल्ह्याला दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी यंत्राचा आकडा ऐकूनही लगेच ऑक्सिजन लावला. ते यंत्र रक्ताचा लाल रंग बघते, त्यांनी सांगितले, आणि हा वायू चिकटलेले रक्तही तसेच लाल दिसते. त्यामुळे आकडा चांगला येतो आणि माणूस गुदमरत असतो. ही गोष्ट प्रत्येक घराला माहीत असायला हवी, गाडी असो वा नसो. बंद बाथरूममधला गॅस गीझरही हाच वायू सोडू शकतो.

फज्रच्या वेळी अम्मींनी स्वतःहून वुजूसाठी पाणी मागितले, तेव्हा कुठे आम्ही एकमेकांकडे पाहिले.

उजेडात गाडीखाली शिरून पाहिले. धुराची नळी बाजूला, नेमकी बांधाच्या दिशेने उघडत होती. समोर मातीची भिंत, पलीकडून वारा, धूर जाणार कुठे? तो गाडीखालीच साचला. पण आत कसा आला? डिझेलच्या नळीसाठी पाडलेल्या भोकात रबरी बुच बसवायचे राहिले होते. त्यात हीटरचा पंखा त्याच खोक्यातून हवा ओढत होता, म्हणजे खालची हवा तो स्वतःच आत खेचत होता. मिस्त्रीचे राहिले, आणि आम्हीही वाकून पाहिले नाही. दोष वाटून घ्यावा लागेल.

भोरला बाजारपेठेच्या बाहेर सायलेन्सरचे काम करणारा एक कारागीर भेटला. त्याने नळी गाडीच्या मागच्या कडेच्या बाहेरपर्यंत नेली, तोंड खाली वळवले, जोडावर क्लॅम्प आवळले. भोकात बुच, वर उष्णता सहन करणारे सील. हीटरला हवा आता मोकळ्या जागेतून मिळते, खोक्यातून नाही. तोपर्यंत आम्ही भोरचा राजवाडा बाहेरून पाहिला आणि इंद्रायणी तांदळाची पिशवी घेतली. तांदूळ अम्मींनी मुठीत घेऊन हुंगून निवडला, यावरून त्या बऱ्या झाल्या हे कळले.

त्या रात्री भाटघर धरणाच्या पाण्यापासून थोडे वर, मोकळ्या माळावर थांबलो. १९२८ साली पुरे झालेले हे धरण, तेव्हा लॉइड धरण म्हणत. अंधारात पाणी नुसते ऐकू येत होते. हीटर लावायचा की नाही यावर घरात दोन तट पडले. अम्मींनीच तोड काढली. त्यांनी उदबत्ती पेटवून धाकटीच्या हातात दिली आणि हीटरचा पंखा चालू ठेवून तिला प्रत्येक भोक, प्रत्येक सांधा, दाराची फट यांच्यापाशी धरायला लावली. जिथे धूर थरथरेल तिथे हवा येते. पलंगाखाली धूर सरळ वर गेला. मागच्या दारापाशी थरथरला, तिथे आम्ही कापड ठासले. मग एक खिडकी बोटभर उघडी ठेवली, गाडीचे मागचे टोक वाऱ्याकडे पाठ करून मोकळ्या बाजूला केले, अलार्म अम्मींच्या उशाशी आणला.

"आता लाव," अम्मी म्हणाल्या. टिकटिक सुरू झाली. आम्ही दोघे आळीपाळीने जागे राहिलो. अलार्मवर रात्रभर शून्य होते. सकाळी काचा कोरड्या होत्या, आणि अम्मी महाडला फोन करून सांगत होत्या की दुपारच्या जेवणाला पोहोचतो, मासे आणून ठेवा.