कुहीच्या माजघरातील क्रौंच

नागपूरच्या आग्नेयेस सुमारे चाळीस किलोमीटरांवर कुही हे तालुक्याचे गाव आहे. नागभीडकडे जाणारी अरुंद मापाची आगगाडी रुंदीकरणासाठी २०१९ साली बंद झाली. आम्ही मोटारीने गेलो, आणि धुळीवाचून दुसरे काही पदरात पडेल अशी अपेक्षा आम्हांस नव्हती.

परंतु ज्या स्नेह्यांकडे उतरलो, त्यांच्या माजघरात एक जुना जपानी चित्रपट टांगलेला दिसला. रेशमावर पाइनची एक फांदी, खाली दोन क्रौंच, बाकी सारे धुके. आजोबांनी मुंबईहून आणलेला हा पट तेव्हापासून भिंतीवरून उतरलाच नव्हता. रेशीम तपकिरी पडले होते आणि कडा सुटू लागल्या होत्या. वहिनींचे म्हणणे, काचेच्या चौकटीत बसवावा. त्यांच्या यजमानांचे म्हणणे, आहे तसाच असू द्यावा.

आमच्या मते दोन्ही मार्ग चुकीचे. जपानी लोक अशा पटास काकेमोनो म्हणतात. तो बारमाही टांगीत नाहीत. तोकोनोमा नामक कोनाड्यात ऋतूला साजेसा पट काही दिवस लावावा, मग गुंडाळून किरी नावाच्या हलक्या लाकडाच्या पेटीत ठेवावा, हा त्यांचा रिवाज. त्यामागे केवळ रसिकता नाही. रेशमाच्या पाठीशी कागदाचे थर गव्हाच्या खळीने चिकटविलेले असतात. आमच्या वऱ्हाड-नागपुराकडील वैशाखात ती खळी सुकून थर सुटतात, श्रावणात दमट होऊन बुरशी धरते. कसरीस तर ती मेजवानीच. जपानात कोरड्या दिवसांत पट सावलीत उघडून वारा देतात. आपल्याकडे पोथ्यांना ऊन दाखवितात त्याचाच हा भाऊ. मात्र रेशमास ऊन मानवत नाही, हे भगिनीवर्गाने ध्यानी ठेवावे. अखेर पट उतरला. सुटलेल्या कडांना घरची खळी लावू नये, जाणत्या कारागिराकडेच न्यावे, एवढे आम्ही बजावले. रिकाम्या भिंतीचे काय करावे, हा वहिनींचा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहिला.

“हे आपले सारसच ना?” असे यजमानांनी विचारले. नव्हेत. जपानी क्रौंचाचे अंग पांढरे, मान काळी व माथ्यावर तेवढा तांबडा टिळा. आपल्या सारसाचे अंग राखाडी, तर डोके व मानेचा वरचा भाग तांबडा. सारस आता भंडारा-गोंदियाकडे मोजकेच उरले आहेत.

दुसऱ्या दिवशी वैनगंगेकाठी अंभोऱ्यास गेलो. विवेकसिंधू येथेच रचला गेला असे इकडील मंडळी सांगतात. अंबाजोगाईकर ते मानीत नाहीत. असो. गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याने काठची कित्येक गावे उठली, आणि जेथे शेते होती तेथे आज पाणी आहे. २०२४ साली खुल्या झालेल्या नव्या पुलावर माणसांची गर्दी होती. खाली उथळात बगळे उभे होते, आणि त्यांच्यामागे सकाळचे धुके अजून विरले नव्हते. सारस एकही दिसला नाही.