प्लगचे नाक

इंजिनाची प्रकृती कळावी म्हणून स्पार्क प्लग वाचायचा तो नाकावरून, म्हणजे इलेक्ट्रोडभोवतीच्या सिरॅमिकच्या टोकावरून. पण प्रत्येक इंजिनाला प्लग नसतो. चाकणला २००९च्या अखेरीस फोक्सवॅगन पोलो बनू लागली. पुढे तिची शर्यतही निघाली. शर्यतीच्या पोलोला आधी डिझेल इंजिन होते, म्हणजे वाचायला प्लगच नाही! २०१२मध्ये १.४ टीएसआय पेट्रोल इंजिन आले, आणि प्लगही.

नाकाचा फिकट तपकिरी किंवा राखी रंग समाधानकारक. बोटाला लागणारी कोरडी काजळी जास्त पेट्रोल सांगते. ओला, चकचकीत काळेपणा तेलाचा. मग पिस्टन रिंग आणि व्हॉल्व्ह सील तपासणे टळत नाही. सर्वांत घातक ते पांढरेफटक, फोड आलेले नाक. भिंगाखाली त्यावर चमकदार बारीक कण दिसले, तर ते बहुधा पिस्टनचे ॲल्युमिनियम. गाडी पुन्हा ट्रॅकवर नेऊ नये.

चारही प्लग सिलिंडरच्या क्रमानेच मांडावेत. एकच वेगळा असेल तर दोष त्या सिलिंडरकडे, चारही बिघडले असतील तर आधी ट्यूनिंगकडे पाहावे. फेरीनंतर पिटमध्ये आयडलवर रेंगाळलेल्या गाडीचा प्लग मात्र खोटे बोलतो. शिसेविरहित पेट्रोलने रंगही उशिरा चढतो. चाकणच्याच बजाज पल्सरच्या डीटीएस-आय इंजिनात एका सिलिंडरला दोन प्लग. तिथे दोन्ही काढून पाहावे लागतात.