तांबडी चामडी

चामडी हा शब्द आमच्या घरात कुणी काढत नाही. कातडं म्हणतात, अंग म्हणतात, पण चामडी नाही. चामडी म्हटलं की आजा आठवतो. गावात ढोर मेलं की हाळी यायची. आजा चुलत्याला घेऊन जायचा, मढं ओढायचा, सोलायचा. एकदा पोचायला उशीर झाला तर बैलाचा मालक चारचौघांत म्हणाला, आता बैलाची नाही, तुझीच चामडी सोलतो. आज्यानं हे बापाला सांगितलं, बापानं मला.

१९२० ची माणगाव परिषद आपल्याच जिल्ह्यात झाली. शाहू महाराजांनी तिथं बाबासाहेबांना तुमचा पुढारी म्हणून लोकांपुढं उभं केलं. १९२७ ला महाडात बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून बजावलं. आमच्या घरात मढी ओढायचं सुटायला त्यानंतर वीस वर्षं गेली.

वारणानगरला वाजवण्याचं अप्रूप नाही. तात्यासाहेब कोऱ्यांनी साखर कारखान्यासोबत पोरांचा वाद्यवृंदही उभा केला. आमच्या जयंतीची तऱ्हा वेगळी. आधी हलगी, मग बँड, आता डीजे. १४ एप्रिल २०२५ ला मिरवणूक निघाली, वामनदादा कर्डकांची गाणी झाली, आणि भाच्यानं आपला मोबाईल जोडला. 'तांबडी चामडी'!

२०२४ चं गाणं. क्रेटेक्स आणि श्रेयस या दोघांचं. ठेका हाऊसचा, बोल मराठी रॅपचे, आणि बाजारात आणलं नेदरलँडच्या स्पिनिन रेकॉर्ड्सनं. लग्नात तेच, गणपतीत तेच, शाळेच्या गॅदरिंगलाही तेच. पोरं बेभान. बाबासाहेबांच्या फोटोपुढं माझ्या आज्याची शिवी नाचत होती.

भाच्याला बाजूला ओढलं.

"बंद कर ते."

"का वो मामा? वंगाळ काय हाय त्यात? आपलीच चामडी की. उन्हात रापल्याली."

मग मी माझं भाषण सुरू केलं. आपल्याला सवय असतेच. म्हटलं, लेका, रॅप कुणाचं? काळ्या कातडीच्या पोरांचं. मुंबईत १९७२ ला दलित पँथर उभी राहिली, नाव घेतलं ब्लॅक पँथरवरनं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये हिपहॉप जन्मलं. तिथं कातडीचा रंग हाच गुन्हा होता, म्हणून त्यात आग होती. ह्या गाण्यात राग कुठाय?

पोरगं शांतपणे ऐकत होतं. मग म्हणालं, "रागाचं बी हाय की मामा. राज मुंगासेचं. पन्नास खोक्यावरचं. २०२३ ला त्याच्यावर अंबरनाथला केस घातली. मोबाईलमधी हाय. लावू?"

दोस्तांनो, खरं सांगतो, मी इकडंतिकडं बघितलं. कोपऱ्यावर पोलिसांची गाडी उभी होती. मिरवणुकीच्या परवानगीवर सही माझी. आक्षेपार्ह काही वाजणार नाही, असं हमीपत्र मीच लिहून दिलेलं. वीस वर्षं मोर्च्यात घोषणा देणारा माणूस मी. पोरीच्या नोकरीचं पोलीस व्हेरिफिकेशन त्याच महिन्यात होतं.

वायर त्याच्या हातात होती. "लावू का मामा?" त्यानं परत विचारलं. चेष्टा नव्हती त्यात.

म्हटलं, ऱ्हाऊ दे. हेच चालू दे.

त्यानं आवाज वाढवला.