अंगावर घेणे

जगात काही गोष्टी नुसत्या वाचण्यासाठी असतात. बोट लावण्यासाठी नसतात. दारावरची पाटी, पुस्तकातल्या प्रकरणाचे नाव, मोबाइलवरच्या लांबलचक यादीतले शीर्षक. पण माणसाचे बोट मोठे चौकस! दिसले की टेकलेच.

आमच्या शाळेत हजेरीसाठी देणगीतून एक आयपॅड आला आहे. पडद्यावर वर्गांची शीर्षके आणि त्यांखाली मुलांची नावे. यादी वर सरकवली तरी शीर्षक माथ्याशी ठाण मांडून बसते आणि नावे त्याच्याखालून निघून जातात. एके सकाळी एका बाईंचे बोट ‘आठवी ब’ या अक्षरांवर टेकले, आणि त्या क्षणी शीर्षकाखाली दडलेल्या मुलीची गैरहजेरी लागली. घरी संदेश गेला. मुलगी तर पहिल्या बाकावर बसून गणिते सोडवीत होती! अर्ध्या तासाने तिची आई हातातली खुरपणी टाकून, धापा टाकीत वर्गाच्या दारात उभी. लेक दिसली तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

माझा भाचा असलीच ॲप तयार करतो. त्याला विचारले, “काय रे, शीर्षकाला काही करायचेच नव्हते, मग हे झाले कसे?”

“मामा, म्हणूनच झाले!” तो हसला. “बोट टेकले की, हा स्पर्श कोणाचा, असा शोध सुरू होतो. करणाऱ्याने शीर्षकाचे स्पर्श घेणेच बंद केले असणार. मग ते डोळ्यांना दिसते, पण बोटाला आडवे येत नाही. स्पर्श आरपार जातो आणि खालच्या नावावर पडतो.”

“मग उपाय?”

“स्पर्श घेणे चालू ठेवायचे. शीर्षकाने तो घ्यायचा आणि तिथेच जिरवायचा. शिवाय यादीतल्या ओळीचाच साचा शीर्षकाला वापरण्याची काटकसर करू नये. ॲपलने २०१२ साली, आयओएस ६ मध्ये, शीर्षकांसाठी निराळा साचा दिलेलाच आहे.”

ॲपवाल्यांना कळवले, दुरुस्ती झाली. माझ्या मनातून मात्र ती गोष्ट जाईना.

काही न करण्याचेही दोन प्रकार आहेत तर! एक अंग काढून घेण्याचा, दुसरा अंगावर घेण्याचा. कचेरीतला वरिष्ठ “माझा काय संबंध?” म्हणून बाजूला होतो आणि साहेबांचा राग थेट शिपायावर कोसळतो. उलट घरातली आजी पाहा. कुणाचा चढलेला आवाज तिच्यापाशी येतो. ती “बरं” म्हणते आणि सुपारी कातरीत राहते. पलीकडच्या खोलीत अभ्यासाला बसलेल्या पोरांना त्याचा पत्ताही लागत नाही.

आणि आपल्याला वाटते, म्हातारी दिवसभर नुसती बसून असते!